मावळच्या गोष्टीतले हबशी

हिरडस मावळात वाढलेल्या पोराला दोन सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे हबशी सरदार, अक्षरओळख होण्याआधीच ठाऊक होतात. एक जोहर आणि दुसरा मसूद. जोहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि त्याचा जावई मसूद शिवाजी महाराजांच्या पाठलागावर निघाला, हे आम्हाला शाळेत शिकवावं लागलं नाही. बाजीप्रभूंचं शिंद गाव भोरजवळ, बांदल आमच्या खोऱ्याचे देशमुख. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, मसूदची वाट अडवताना पडलेली माणसं याच गावांतली. त्यामुळे ती लढाई आमच्याकडे पुस्तकातली राहत नाही, भावकीतल्या माणसांची होते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ही गोष्ट आषाढात सांगायचे. भाताची लावणी उरकत आलेली असायची. पडवीत इरली टांगलेली, चुलीच्या धगीला ओली घोंगडी पसरलेली आणि बाहेर असा पाऊस की पलीकडचं घर दिसू नये. जुलै १६६०ची ती रात्रही अशीच होती म्हणून आबांना तोच मुहूर्त पसंत असावा. पालखी, चिखल, म्हाळुंग्याचं रान, खिंड, गजापूर, विशाळगड. बाजींवर आबांचा सगळा जीव. मसूद आला की मात्र आवाज खाली जायचा. "काळाकभिन्न गडी, झाडावानी उंच, डोळं इंगळावानी," असं ते म्हणायचे आणि आम्ही पोरं आजीच्या पदराकडे सरकायचो.

आजीची भीती आणखी जुनी होती. ती घाटाखालची, महाडकडची. तिच्या माहेरची मंडळी मूळची समुद्रकाठची, श्रीवर्धनच्या बाजूची. "हबसाणातनं उठून आलो आम्ही," असं ती म्हणायची. हबसाण म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख. एका रात्रीत गुरं सोडली, देव तेवढे घेतले आणि डोंगराच्या आडोशाला आलो, एवढीच तिची गोष्ट. कितव्या पिढीत, कुठल्या साली, हे तिला माहीत नव्हतं. पण 'हबशी आला' म्हटलं की रडणारं पोर गप्प होतं, हे तिला तिच्या आजीने शिकवलं होतं.

ती भीती कुणी रचलेली नव्हती. जंजिऱ्याच्या सिद्दीने कोकणपट्टीला फार छळलं. गावं जाळली, माणसं धरून नेऊन विकली. भट घराण्याला श्रीवर्धनची देशमुखी सोडून घाटावर यावं लागलं ते सिद्दीच्याच त्रासाने, आणि त्याच घराण्यातले बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या, कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली. किल्ला पडला नाही. १७३६ साली चिमाजी आप्पांनी सिद्दी सात याला मारलं तेव्हा कोकणाला थोडा श्वास मिळाला. आजीच्या माहेरचे लोक याच शे-दीडशे वर्षांत कधीतरी उठले असणार. तिच्या गोष्टीला मी आजही कमी लेखत नाही.

पण मावळच्या गोष्टींत हबशाला एवढंच काम उरलं, याचं मला वाईट वाटतं. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी होते. मोडी वाचणारे, शांत बोलणारे. एका पावसाळ्यात आबांची गोष्ट ऐकायला तेही पडवीत येऊन बसले. गोष्ट संपली, चहा आला, आणि गुरुजी म्हणाले, "आबा, सगळं बराबर सांगितलंत. पण वेढ्यातला हिलाल राहिला."

"कोण हिलाल?" आबांनी विचारलं.

"सिद्दी हिलाल. आपल्या बाजूचा."

आबा गप्प झाले. आम्हीही. आपल्या बाजूला सिद्दी असतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सिद्दी हिलाल आधी विजापूरचा सरदार होता. तिकडून तो महाराजांकडे आला. प्रतापगडाच्या लढाईनंतर, डिसेंबर १६५९मध्ये, कोल्हापूरजवळ विजापूरच्या रुस्तुमजमानच्या फौजेशी लढाई झाली, त्यात तो मराठ्यांच्या बाजूने लढला. पुढच्या वर्षी महाराज पन्हाळ्यावर अडकले तेव्हा वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकर बाहेरून चालून आले, त्यांच्याबरोबर हिलाल होता आणि हिलालचा तरुण मुलगा वाहवाह होता. त्या हल्ल्याला यश आलं नाही. वाहवाह जखमी होऊन पडला आणि जोहरच्या माणसांनी त्याला उचलून नेलं. बापाच्या डोळ्यांदेखत. हे कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे, म्हणजे महाराजांच्या पदरच्या कवीने लिहून ठेवलेलं आहे.

म्हणजे पन्हाळ्याच्या तटाखाली हबशी दोन्ही बाजूंना होते. वेढा घालणारा जोहर हबशी, आणि वेढा फोडण्यासाठी पोटचा पोर गमावणारा हिलालही हबशी. आबा ज्या रात्रीची गोष्ट सांगायचे, तिच्या थोडे दिवस आधीची ही घटना.

गुरुजींनी त्या संध्याकाळी आणखी एक नाव घेतलं. ते तर भोरच्या माणसाने पाठच करावं असं आहे. अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी दहा अंगरक्षक निवडले. त्यांत आमच्या भुतोंड्याचे येसाजी कंक होते, ज्यांचं नाव आज भाटघरच्या जलाशयाला दिलं आहे. जिवा महाला होते, संभाजी कावजी होते. आणि सिद्दी इब्राहिम होता. ज्या क्षणी मराठ्यांचं सगळं भवितव्य एका शामियान्यात तोललं जात होतं, त्या क्षणी महाराजांनी स्वतःच्या जिवाची राखण ज्यांच्यावर सोपवली, त्यांतला एक आफ्रिकी वंशाचा होता. जिवा महालाचं नाव म्हणीत गेलं. इब्राहिमचं नाव यादीतच पडून राहिलं.

माणूस कुठल्या वंशाचा यावरून त्याची बाजू ठरत नसते, हे मावळाला कुणी शिकवायला नको. अफजलखान वाईला उतरला तेव्हा कारीचे कान्होजी जेधे मुलांसह महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. त्याच रोहिड खोऱ्यातल्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाले. खोऱ्याचं पाणी एक, देव एक, सोयरीक एक. तरी एक फितला म्हणून कुणी सगळ्या मावळाला फितूर म्हणत नाही, म्हणूही नये. हाच न्याय हबशांना लावायला काय हरकत आहे?

राजगडाकडे वळू. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणू लागलेत, म्हणून तिथली गोष्ट जरा निवांत सांगावीशी वाटते.

राजगड होण्याआधी त्या डोंगराचं नाव मुरुंबदेव. गुंजवणी नदीचं खोरं म्हणजे गुंजण मावळ, तिथले देशमुख शिळीमकर. १६२५च्या सुमारास मुरुंबदेव विजापूरच्या आदिलशाहीकडे होता आणि त्याची व्यवस्था बाजी हैबतराव शिळीमकर आणि त्याचे वडील रुद्राजी नाईक पाहत होते. तेव्हा निजामशाहीकडून हुकूम आला आणि बाजी हैबतरावाने किल्ला निजामशाहीच्या हवाली केला. तो हुकूम ज्याचा होता, त्याचं नाव मलिक अंबर. ज्या डोंगरावर पुढे पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी नांदली, त्याचा धनी ठरवणारी आज्ञा इथिओपियात जन्मलेल्या माणसाने दिली होती.

मलिक अंबर १५४८च्या सुमारास जन्मला. घरचं नाव चापू. पोरवयातच तो विकला गेला, आधी तांबड्या समुद्राकाठच्या मोखाच्या बाजारात, मग बगदादेत. तिथल्या मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. तिथून तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. हा चंगीझखान स्वतः हबशीच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, विजापुरात चाकरी केली, परत आला, आपल्या हाताखाली घोडेस्वार जमवले. १६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतलं. राज्य संपलं असं सगळ्यांनी धरलं. अंबरने धरलं नाही. त्याने परांड्याला मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं आणि पुढची सव्वीस वर्षं मोगलांना दख्खनेत पाय रोवू दिला नाही. जहांगीर त्याच्यावर इतका चिडला होता की त्याच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, बादशहा अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे असं चित्र काढलं. ते चित्रातच राहिलं. १६२६मध्ये अंबर म्हातारपणाने गेला.

त्याची लढण्याची रीत मावळ्यांना ओळखीची वाटेल. मैदानात समोरासमोर गाठ घ्यायची नाही. रसद तोडायची, रात्री छावणीवर पडायचं, शत्रूला डोंगरात ओढायचं आणि दमवायचं. हे त्याने मराठा बारगिरांच्या जोरावर केलं. १६२४च्या भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूर या दोघांच्या एकत्र फौजा उधळल्या. तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या तळात पाणी आणि चिखल केला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. महाराजांच्या वडिलांनी तारुण्यात ज्याच्या शेजारी उभं राहून युद्ध पाहिलं तो सेनापती हबशी होता. गनिमी कावा अंबरने शिकवला असं मी म्हणणार नाही. डोंगर होते, मराठे होते, रीत त्यांच्याकडेही होती. पण बादशाही फौजेला त्या रीतीने वर्षानुवर्षं थोपवून धरता येतं, हे आधी त्याने दाखवलं.

लढाया जातात, जमीन राहते. अंबरचं खरं देणं जमिनीत आहे. त्याने शेताची प्रत पाहून आणि प्रत्यक्ष पीक किती निघतं ते बघून सारा ठरवला, गावाच्या पाटलाला जबाबदार धरलं, पडीक जमीन लागवडीला आणली. पुढे पुणे प्रांताचा कारभार दादोजी कोंडदेवांनी हाती घेतला तेव्हा त्यांनी हीच घडी चालवली. जुन्या महजरांत आणि इनामपत्रांत 'कारकीर्दी मलिकंबर' असे शब्द येतात. तंटा लागला की लोक त्या कारकीर्दीचा दाखला द्यायचे, कारण तेव्हा ठरलेलं ते नीट ठरलेलं, असा विश्वास होता. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा आबा पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. लढाईतल्या सिद्दीचं त्यांना नवल वाटलं होतं. पण बांधाचा आणि साऱ्याचा हिशोब नीट करणारा माणूस म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच आदर दिसला. शेतकऱ्याचा आदर असाच मिळवावा लागतो.

त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली, आज छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नळांनी पाणी आणणारी त्याची नहर-ए-अंबरी तिथे आजही पाहता येते.

अंबरचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. पेशवा होण्याआधी तो विकलेलं पोर होता. आफ्रिकेतून माणसं नेण्याचा धंदा म्हटलं की आपल्याला अटलांटिक महासागर आठवतो. सुमारे सव्वा कोटी माणसं त्या पाण्यावरून अमेरिका खंडाकडे नेली गेली, ऊस आणि कापूस पिकवायला. अरबी समुद्रावरचा धंदा त्याहून कितीतरी जुना. फरक एवढा की दख्खनेतल्या सुलतानांना मळ्यांसाठी मजूर नको होते, विश्वासू लढवय्ये हवे होते. गाव, जात, भावकी काहीच मागे नसलेला माणूस धन्याशी एकनिष्ठ राहतो, असा त्यांचा हिशोब होता. त्यातून काहींना सरदारकी मिळाली, काहींना राज्य मिळालं. ज्या मसूदला आम्ही पोरं घाबरायचो, तोही पुढे विजापूरचा वजीर झाला. पण जे कुठेच पोचले नाहीत, ज्यांची नावंही उरली नाहीत, त्यांची संख्या किती मोठी! सरदारकीने विक्री पुसली जात नाही. हिलालने पोर गमावलं ते रणांगणात, अंबरच्या आईने त्याआधीच गमावलं होतं, बाजारात.

हा धंदा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. इंग्रजांच्या गलबतांनी अरबी समुद्रात गुलामांची तारवं पकडायला सुरुवात केली तेव्हा सोडवलेली पोरं मुंबईला उतरवली जाऊ लागली. त्यांतली बरीच नाशिकला, शरणपूरच्या मिशन वसाहतीत आली. नाशिककर रोज शरणपूर रोडवरून जातात, तेच हे शरणपूर. तिथे ही मुलं लोहारकाम, सुतारकाम आणि इंग्रजी शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधमोहिमेत दाखल झाला. १८७३च्या मे महिन्यात आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं काळीज तिथल्या एका झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर मजकूर कोरला. मग त्याने आणि सोबत्यांनी ते प्रेत महिनोन् महिने पायी चालत समुद्रापर्यंत आणलं. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यसंस्कार झाले तेव्हा प्रेतपेटीला हात लावणाऱ्यांत नाशकात शिकलेला हा तरुण होता. नाशिकची पुष्कळशी मंडळी पुढे मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनमध्ये जाऊन राहिली. म्हणजे आफ्रिकेतून नेलेली पोरं महाराष्ट्रात वाढून परत आफ्रिकेला गेली, अशीही एक उलटी वाट आहे.

जे परतले नाहीत ते इथलेच झाले. गुजरातेत रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यात सिद्दी मंडळी ढोलांवर 'धमाल' हा नाच करतात, त्या तालात आफ्रिका अजून ओळखू येते. गीर भागातल्या जांबूरच्या हिरबाई लोबी यांना बायकांमधल्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. आणि कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, अंकोल्याच्या रानात जे सिद्दी राहतात, त्यांचे पूर्वज बरेचसे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या घरांतून पळालेले. ते घरात बोलतात ती बोली कोकणी-मराठीच्या वळणाची आहे. तिथल्या बायका जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवतात. मी अशी एक वाकळ हातात घेऊन नीट पाहिली आहे. कडेने आत जाणारा धावदोरा, ओळीला ओळ चिकटून, मध्ये लाल-निळे तुकडे. माझी आजी भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून शिवायची ती गोधडी अशीच. फक्त सिद्दी बायका चारही कोपऱ्यांवर कापडाचे घडी घातलेले छोटे तुकडे टाचतात, त्यांना त्या फुलं म्हणतात. ती फुलं लावल्याशिवाय वाकळ पुरी झाली असं मानत नाहीत.

आणखी एक आफ्रिकी नातं आमच्या ताटातच आहे. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर भात होत नाही तिथे नाचणी होते. पाऊस कमी-जास्त झाला तरी ती तग धरते, कणगीत वर्षानुवर्षं टिकते, किल्ल्यावरच्या शिबंदीचं पोट तिने भरलं. ही नाचणी मूळची इथिओपिया-युगांडाच्या उंच पठारांवरची. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून आली. ज्वारी आणि बाजरीसुद्धा आफ्रिकेतूनच आल्या. मावळ्याच्या फडक्यात बांधलेली भाकरी हबशांच्या देशातली होती, आणि घोडखिंडीत उभ्या राहिलेल्या बांदलांच्या अंगात तिचंच बळ होतं.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शॉम्बर्ग सेंटर नावाची संस्था आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा जगभरातला इतिहास ती सांभाळते. २०१३ साली तिने भारतातल्या आफ्रिकी सरदारांवर आणि राजांवर प्रदर्शन भरवलं, त्यात मलिक अंबर होता. हार्लेमच्या पोरांना त्याचं नाव कळलं. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात आणि पाल्यात, ते पोरांना कळत नाही.

आबा आता नाहीत, गुरुजीही नाहीत. पण गोष्टी सांगणारे अजून आहेत आणि आता त्या गडावर सांगितल्या जातात. शनिवार-रविवारी राजगडावर, तोरण्यावर हजारो तरुण येतात. दुर्गसंवर्धनाची मंडळी उन्हातान्हात टाक्यांतला गाळ काढतात, वाटांवर फलक लावतात, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. माझं मागणं त्यांच्याकडेच आहे. राजगडाच्या फलकावर मुरुंबदेवाची हकिकत लिहाल तिथे शिळीमकरांच्या नावाशेजारी मलिक अंबरचं नाव लिहा. भुतोंड्यात येसाजी कंकांची आठवण काढाल तेव्हा त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या सिद्दी इब्राहिमचंही नाव घ्या. आणि पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या मंडळींनी पन्हाळ्यावरून निघण्याआधी सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह यांची हकिकत एकदा सगळ्यांना मोठ्याने सांगावी.